टायर रायर

तमिळनाडूत देशस्थ मराठी माणसाला 'रायर' म्हणतात. नावामागं राव असला की पुढचं काम तमिळ जीभ आपसूक करते. आमच्या ताईच्या सासरी सगळेच राव, म्हणून सगळेच रायर. त्यातल्या आमच्या भावोजींना मात्र ओरत्तनाडूत गेली काही वर्षं 'टायर रायर' म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते शोधण्यात अर्थ नाही. बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर पहाटे पाचला सुचलेलं यमक सात वाजेपर्यंत गावाच्या वेशीबाहेर पडलेलं असतं.

भावोजींना राग आला नाही. पहिल्यांदा कानावर आलं त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम फोन केला. "मच्चान, तालुक्यात रायर पुष्कळ आहेत. टायर कोणाजवळ आहेत, सांग!"

मच्चान म्हणजे बायकोचा भाऊ. या शब्दात माया असते, आणि आता तुला पाऊण तास ऐकून घ्यायचं आहे अशी सूचनाही असते.

त्यांचं बोलणं ऐकायला गोड. १६७५च्या सुमारास व्यंकोजीराजांबरोबर जी मराठी तंजावरला गेली ती परत आलीच नाही. तिथंच राहिली, तीन वेळा भात खाऊ लागली, तमिळ ठेक्यावर डोलू लागली. भावोजींच्या माडीवर एका पत्र्याच्या पेटीत मोडीतले जुने कागद आहेत. त्यातलं एक अक्षर त्यांना लागत नाही. टायरच्या कडेवरचा बारीक मजकूर मात्र ते समोरून जाणाऱ्या गाडीचासुद्धा वाचतात.

हा माणूस फक्त ओरत्तनाडूत सापडतो असं समजू नका. पुण्यात तो कोथरूडला असतो, नाशकात गंगापूर रोडला, कोल्हापुरात तर गल्लीला एक. त्याला ओळखायची खूण सोपी आहे. बाकीचे लोक गाडी बघताना समोर बघतात, हा खाली बघतो. मग जवळ जाऊन टायरला अंगठा दाबतो, बुटाच्या टोकानं हलकी लाथ मारतो आणि "हं" म्हणतो. वैद्यानं नाडी सोडल्यावर म्हणावं तसं. त्या 'हं'चा अर्थ आजवर कुणी विचारलेला नाही, कारण विचारलं की तो सांगतो.

तंजावरला एका लग्नात भावोजी मांडवात दिसेनात. शोधलं तर ते बाहेर वराच्या गाडीपाशी उकिडवे बसलेले. टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ते बघून ते उठले आणि मुलीच्या मामाच्या कानाशी लागले. "मुलगा चांगला असेल. पण टायर २०१६च्या चाळिसाव्या आठवड्यातले आहेत. विचार करा." अक्षता पडायला दहा मिनिटं होती.

आता ज्या भूमीत हा पुरुष निपजला तिच्याविषयी थोडं सांगायला हवं, त्याशिवाय या छंदाची चव कळणार नाही.

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागलं की तासाभरात ओरत्तनाडु येतं. दोन्ही बाजूंना भात. भाताच्या पलीकडे भात. त्याच्या पलीकडे नारळ, आणि नारळाच्या पलीकडे पुन्हा भात. कावेरीनं हजारो वर्षं गाळ आणून हा मुलूख असा पाटासारखा सपाट केलाय की सांडलेलं पाणीसुद्धा कुठं जावं याचा जरा विचार करतं. तंजावर शहर समुद्रसपाटीपासून साठेक मीटर उंच, तिथून पुढं समुद्रापर्यंत जमीन हळूहळू, कुणाला कळू न देता उतरत जाते. या जिल्ह्यातला सगळ्यात उंच डोंगर राजराज चोळानं १०१० साली बांधून काढला. त्याला बृहदीश्वराचं देऊळ म्हणतात, आणि त्यावर गाडी नेता येत नाही.

ओरत्तनाडूचं जुनं नाव मुक्तांबाळपुरम. मुक्तांबा ही तंजावरच्या सर्फोजीराजांच्या प्रीतीतली बाई. ती गेल्यावर तिच्या नावानं राजानं १८०२च्या सुमारास इथं छत्रम बांधलं. काशीहून रामेश्वरला निघालेला यात्रेकरू इथं टेकायचा, पोटभर जेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढं चालू लागायचा. हो, चालू. देशाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची ही यात्रा ज्या पायांनी केली त्यांच्या वहाणांना धड टाचसुद्धा नसेल. त्या छत्राची एक बाजू रथाच्या घाटाची आहे. हत्ती आणि घोडे रथ ओढतायत असं कोरीव काम आहे. दोनशे वर्षं ओढतायत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा भावोजी म्हणाले, "बघ मच्चान, ट्रॅक्शन नाही म्हणून अडकलाय."

तर अशा गावात, जिथं सगळ्यात मोठा चढ म्हणजे शाळेसमोरचा गतिरोधक, तिथं भावोजींनी २०२१मध्ये थार घेतली. गाडीबरोबर कंपनीचे टायर आले २५५/६५ आर १८ मापाचे. चांगले होते. ताई अजून म्हणते, फार चांगले होते. पण ज्याला कंपनीनं दिलेलं आवडतं तो टायर रायर होत नाही.

निवडीला अकरा महिने लागले. आमच्या ताईसाठी स्थळ बघताना दोन्ही घरांनी मिळून तीन आठवडे घेतले होते, हे ताईनंच मला सांगितलं.

ताई तिथल्या शाळेत गणित शिकवते. तिच्या कपाटातली एक कोरी दोनशे पानी वही भावोजींनी उचलली आणि पहिल्या पानावर श्रीकार घालून स्थळांची नावं लिहायला घेतली. कुंडली मांडावी तसा एकेक टायर मांडलेला. २८५/७० आर १७, १२१/११८ क्यू. यातले २८५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे रबराची उंची रुंदीच्या सत्तर टक्के. आर म्हणजे आतले दोरे केंद्राकडून कडेकडे गेलेले, १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. इथवर मला समजलं. पुढचा १२१ हा भाराचा आकडा. त्याचा अर्थ एका टायरनं १,४५० किलो वजन उचलायचं. चार टायर मिळून ५,८०० किलो. गाडी स्वतः दोन टनांच्या आत. उरलेल्या जागेत एक हत्ती आणि माहूत आरामात मावला असता. घरात माणसं तीन. क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटरपर्यंत चालेल. ओरत्तनाडूत हा वेग फक्त अफवांना आहे.

खरा पेच जातीचा. एक जात ए-टी, म्हणजे डांबर, खडी, माती, सगळीकडे बेताबेतानं चालणारी. दुसरी एम-टी, खास चिखलाची: नक्षीचे ठोकळे मोठे, मधल्या फटी खोल, चिखल धरायचा आणि फिरता फिरता बाहेर फेकायचा. ए-टी प्रपंची, एम-टी संन्यासी. शहाणा माणूस, ज्याचं निम्मं आयुष्य डांबरावर जातं, तो ए-टी घेतो. त्यात आवाज कमी, पावसात ओल्या रस्त्यावर ब्रेक बरा, झीज कमी. हे सगळं भावोजींच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे. त्याखाली लाल शाईनं दोन रेघा मारून लिहिलंय: एम-टी.

का, असं विचारलं तर म्हणाले, "ए-टी घेतला तर कोण बघतो?"

मला वाटतं या छंदाचं अवघं शास्त्र या एका वाक्यात आलं.

मग मिळण्याची अडचण. त्यांना बाहेरच्या देशातला हवा होता. त्याची कथा ते अशी सांगतात: १२ जून २०२० या दिवशी मेट्टूर धरणाचं पाणी सोडलं, बऱ्याच वर्षांनी अगदी ठरल्या तारखेला, आणि त्याच १२ जूनला दिल्लीनं टायरच्या आयातीला परवान्याचं कुलूप घातलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. "एका हातानं चिखल दिला मच्चान, आणि एका हातानं टायर काढून घेतला," असं ते म्हणतात तेव्हा डोळ्यांत खरंच पाणी असतं. देशी घ्या, असं ताईनं सुचवलं. टायरचा धंदा तमिळनाडूचाच, एमआरएफ तर मद्रासचीच. तर यांचं उत्तर, "ते लोक १९४६ साली खेळण्यातले फुगे करत होते." ताईनं वहीतून डोकं वर काढलं नाही. "तुम्ही पण फुगाच घेताय की. जरा मोठा."

हे वाक्य ताईचं सर्वोत्तम नव्हे. सर्वोत्तम पुढं आहे.

टायर आले. सतरा इंची नव्या रिमांसकट पाच नग, हिशेब दीड लाख. ताईनं शांतपणे पेन्सिल घेतली. जुन्या टायरचा व्यास ७८९ मिलिमीटर, नव्याचा ८३१. फरक बेचाळीस. पण गाडी वर उचलली जाते ती निम्म्यानंच, कारण उरलेला निम्मा फरक आसाच्या वरच्या बाजूला जातो. म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून वर गेलं एकवीस मिलिमीटर. "उडीदवडा," ताई म्हणाली. "एक उडीदवडा आसाखाली ठेवला असता तर एवढंच झालं असतं. एका मिलिमीटरला सात हजार एकशे बेचाळीस रुपये आणि शहाऐंशी पैसे."

भावोजी म्हणाले, "शहाऐंशी पैसे सोड ना."

बसवल्या दिवशी सगळी आळी जमली होती. गाडी खरोखर दिसली छान, खोटं कशाला बोला. मांडीला हात लावून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी. सुकाणू सरळ होतं तोवर सगळं ठीक होतं. आळीच्या तोंडाशी पूर्ण वळवलं आणि आतून असा आवाज आला की शेजारच्या आजींनी "अय्यो" म्हणून देवाला हात जोडले. टायर चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकला घासत होता. गाडी थोडी मागं, थोडी पुढं, पुन्हा मागं. शेवटी पोरांनी एका चाकाखाली वीट सरकवली तेव्हा वळली. तिथून पन्नाससाठ किलोमीटरवर तिरुवारूरचा जगप्रसिद्ध रथ. त्याला वळवायला चाकांखाली लाकडी पाचरी सरकवतात, मुट्टुक्कट्टै म्हणतात त्यांना. त्या रथाचं वजन शेकडो टन, म्हणून त्रिचीच्या भेलनं त्याला हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले. आमच्या रथाला भेल नव्हतं, वीट होती. रात्री भावोजींनी कमानीतलं प्लास्टिक कापून काढलं. ताईच्या विळीनं. ती विळी नंतर कशानं तरी बिघडली, दोडका कापेना. कशानं ते घरात कुणी बोलत नाही.

कायद्याचीही धास्ती होतीच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, कंपनीनं ठरवलेल्या मूळ रूपाला धक्का लावू नका असं सांगणारा, भावोजींना तोंडपाठ आहे. खाकी कपडा दिसला की ते गाडी चिंचेच्या सावलीत लावतात आणि स्वतः टायरच्या पुढं उभे राहतात. एकदा एका पोलिसानं त्यांना हटवून टायर बघितला, अंगठा दाबला, लाथ मारली आणि "हं" म्हणाला. दोघं तासभर बोलत होते.

गाडीचा काटाही बदलला. चाक मोठं, म्हणजे एका फेऱ्यात जमीन जास्त कापली जाते, आणि बिचाऱ्या मीटरला ते माहीत नसतं. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ला असते. शंभर किलोमीटर गेलं की मीटर पंच्याण्णव सांगतं. मायलेज उतरलं हे ताईनं दाखवलं तेव्हा भावोजींनी हाच आधार घेतला: मायलेज उतरलंच नाही, मीटर कमी बोलतंय. अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं पेट्रोलपंपावर जात होतं, कारण जड चाक फिरवायला ताकद लागतेच.

आवाजाचं काय सांगू. साठच्या वर गेलं की एम-टी गुणगुणायला लागतो, भलामोठा भुंगा डब्यात कोंडावा तसा. पहिल्या महिन्यात लांबून आवाज ऐकून दोन शेतकरी बांधावर येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं भात कापायचं यंत्र आलं.

आणि भात. तमिळ मासी महिना लागतो तोवर सांबा पीक कापून झालेलं असतं आणि अख्खा तालुका रस्त्यावर भात वाळत घालतो. खळ्यापेक्षा डांबर तापतं चांगलं. सरकारी खरेदी केंद्रावर ओलसर भात घेत नाहीत, त्यामुळे निम्मा रस्ता पिवळा, कडेला दगड लावलेले, उरलेल्या निम्म्यातून जग चालतं. साधी गाडी चुकून कडेनं भातावरून गेली तर फार तर शिवी बसते. एम-टी गेला तर त्याच्या खोल फटी दाण्यांनी भरतात. भावोजी घरी पोचले की शेजारच्या कोंबड्या धावत येतात. चार चाकांभोवती गोल करून अर्धा तास टिपत बसतात. त्या कोंबड्यांची अंडी मोठी झाली असं शेजारीण सांगते, आणि टायर रायरांना बरोबर पोंगलला नमस्कार करून जाते.

एवढं सगळं झालं तरी टायर ज्यासाठी घेतले तो चिखल काही लागला नव्हता. तो योग माझ्या नशिबात होता.

ऐप्पसीतला पाऊस होता, म्हणजे आपली दिवाळी. ईशान्य मोसमी पाऊस त्या मुलखाचा खरा पावसाळा. भावोजी म्हणाले, मनोऱ्याला जाऊ. नेपोलियन हरला म्हणून इंग्रजांच्या आनंदात आनंद मानून सर्फोजीराजांनी समुद्रकाठी १८१४-१५मध्ये एक आठ मजली मनोरा उभा केला, मल्लिपट्टिनमजवळ. युरोपात कोण हरलं म्हणून पट्टुकोट्टैच्या खाली बुरूज बांधणारा राजा आणि डोंगर नसलेल्या गावात डोंगराचे टायर घेणारा रायर, यांच्यात मला उगाच एक नातं दिसतं. जाऊ दे. तिथं जायला नीट डांबरी रस्ता आहे, सरकारी बस जाते. पण भावोजींना ट्रेल हवा होता. ट्रेल म्हणजे 'पुदु आरु'च्या काठची कच्ची वाट. पुदु आरु, नवी नदी. १९३४मध्ये मेट्टूर धरणाबरोबर आलेला कल्लणै बंधाऱ्याचा कालवा तो. नव्वद वर्षं झाली तरी गावाच्या लेखी अजून नवाच.

वाटेवर मध्येच एक ओहोळ फुटलेला. बाजूनं जायला एका शेताची कड. नुकतीच चिखलणी झालेलं शेत, पाण्यात आभाळ पडलेलं. भावोजींनी गाडी थांबवली. उतरले. चारही टायरची हवा सोडून पंधरावर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो, जमीन जास्त धरतो. वाळूत हा उपाय नामी. मग आत बसले, फोर-लोचा दांडा टाकला, आणि ज्या चेहऱ्यानं लोक गाभाऱ्यात शिरतात त्या चेहऱ्यानं शेतात शिरले.

बारा फूट गेलो असू.

कावेरीचा गाळ म्हणजे काय ते तेव्हा मला समजलं. ती माती नव्हेच, लोणी. दोन फेऱ्यांत टायरच्या सगळ्या खोल फटी तिनं लिंपून टाकल्या आणि दीड लाखाचा एम-टी कुंभाराच्या मडक्यासारखा गुळगुळीत झाला. तो फिरत राहिला, गाडी बसत राहिली. इंजिन बंद केल्यावर बेडकांचा आवाज आला. भावोजी म्हणाले, "परवाइल्लै." काही हरकत नाही. हा शब्द तमिळ माणूस तेव्हाच वापरतो जेव्हा पुष्कळच हरकत असते.

बांधावरून एक म्हातारा शेतकरी छत्री घेऊन आला. शेत त्याचंच. गाडीकडे बघितलं, टायरकडे बघितलं, शेवटी आमच्याकडे. अगदी आदरानं विचारलं, "सार, उळवा? नडवा?" म्हणजे, साहेब, नांगरणी चाललीय की लावणी?

मग त्याचा ट्रॅक्टर आला. मागच्या चाकांना लोखंडी पिंजरे लावलेले, केज व्हील म्हणतात ते. भातखाचरात वरचा वीतभर चिखल असतो, खाली वर्षानुवर्षांच्या नांगरटीनं दाबला गेलेला कडक थर. पिंजऱ्याच्या पट्ट्या तो वरचा चिखल कापत खालच्या थराला भिडतात. आमचा रुंद टायर वरच्या लोण्यावरच तरंगायला गेला आणि फसला. जुन्या बैलगाडीचं चाक उंच आणि अरुंद का असायचं तेही याच कारणानं. हे ज्ञान त्या म्हाताऱ्यानं फुकट दिलं. गाडी ओढायचे मात्र पाचशे घेतले, आणि विसकटलेल्या चिखलाचे वेगळे दोनशे.

परतताना पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा एक विद्यार्थी गाडीत घेतला. ओरत्तनाडूत २०१२पासून हे महाविद्यालय आहे. पोरगा हुशार. आमच्या अंगावरचा चिखल बघून म्हणाला, यातून सगळ्यात सहज जाते ती म्हैस. खूर दुभंगलेला असतो. पाय टेकला की दोन्ही बोटं फाकतात, भार पसरतो. उचलला की मिटतात, चिखल सोडून देतो. भावोजी पाच किलोमीटर गप्प होते. मग म्हणाले, "असा टायर कोणी बनवला का अजून?" मागून मी म्हणालो, भावोजी, त्याचा आठवडा आणि साल कळायला दात बघावे लागतात.

मनोरा राहिलाच. दुसऱ्या दिवशी ताई आणि मी सरकारी बसनं बघून आलो. त्या बसच्या टायरवर नक्षी शोधावी लागत होती.

आता एका गोष्टीत मी भावोजींच्या बाजूनं आहे, ती सांगतो. हे एवढं मोठं कशाला, असं कुणी फार लावून धरलं की ते हसत नाहीत. "गज आला होता तेव्हा तू नव्हतास मच्चान," एवढंच म्हणतात. १६ नोव्हेंबर २०१८च्या पहाटे गज वादळ वेदारण्यमच्या बाजूनं जमिनीवर आलं आणि ओरत्तनाडु, पट्टुकोट्टै, पेरावूरणीचे नारळाचे बाग आडवे करून गेलं. वीसवीस, तीसतीस वर्षांची झाडं. ताईच्या सासऱ्यांचं रोजचं औषध संपत आलेलं. दारातल्या छोट्या गाडीत भावोजी बसले, आळीच्या तोंडाशी दोन माड रस्त्यावर पडलेले बघितले आणि सुकाणूवर हात ठेवून तसेच बसून राहिले. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एक मोठी गाडी आहे.

ताईला हे माहीत आहे, म्हणून ती या विषयावर हिशेब मांडत नाही. एकदाच मला स्वयंपाकघरात डांगर पच्चडी कालवताना हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी कुठलाच टायर गेला नसता रे. रस्ता मोकळा केला तो आळीतल्या पोरांनी, कोयते घेऊन. औषध यांनीच आणलं. चालत गेले होते, अकरा किलोमीटर. हे ते कोणाला सांगत नाहीत."

टायरविषयी मात्र सगळ्यांना सांगतात.

गेल्या दिवाळीच्या आधी गेलो तर गाडीला जुनेच २५५ लावलेले. मला वाटलं, शहाणपण आलं. विचारलं तर भावोजी मला माडीवर घेऊन गेले. मोडीच्या पेटीशेजारी, जुन्या धोतराखाली झाकून, पाचही एम-टी ओळीनं ठेवलेले. धुतलेले, पुसलेले, एकाही फटीत दाणा नाही. "रस्त्यावर वापरले तर झिजतात," ते म्हणाले.

आयुधपूजेला ते खाली आणतात. चार पोरं लागतात. चढवतात, हळदकुंकू लावतात, प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू ठेवून गाडी पुढं काढतात. मग छत्राला एक फेरी, बाजारातून, पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत, पुदु आरुच्या पुलापर्यंत, आणि घरी. दुसऱ्या दिवशी उतरवून पुन्हा धोतराखाली. यंदा फोनच्या नकाशावर ही फेरी बावीस किलोमीटर भरली. मीटरवर एकवीस दिसले.